पहिला कॉम्प्युटर : हप्त्याने नव्हे, टप्प्याने

दुकानात कॉम्प्युटर हवा की नको, हा वाद आता उरलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, त्या दिवशीच तो मिटला. बिल, विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचा उतारा, परगावच्या गिऱ्हाइकाची मागणी, सारे काही पडद्यावर आले. तरीही आपल्यातील कितीतरी लहान दुकानदार आणि कारागीर दर महिन्याला वह्यांचा गठ्ठा काखेत मारून कोणाच्या तरी दारात उभे असतात. तो माणूस आपले आकडे त्याच्या मशीनमध्ये चढवतो, आपण पैसे देतो आणि घरी येतो. कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे, कोणता माल कोणत्या भावाने उचलला, हे आपल्या दुकानाचे गुपित दुसऱ्याच्या मशीनमध्ये पडून राहते. गल्ल्याची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून कोणी घरी जातो काय?

म्हणून पहिला कॉम्प्युटर घेणे ही चैन नाही, आपला हिशेब आपल्या ताब्यात ठेवण्याची ती गोष्ट आहे. मात्र तो कसा घ्यावा, याबाबत आमचे मत बाजारात चालणाऱ्या रीतीपेक्षा वेगळे आहे. बाजाराची रीत अशी की चकचकीत तयार मशीन दाखवायचे, ते खिशाला झेपत नाही असे दिसले की हप्ते पाडून द्यायचे. हप्ता बिनव्याजी असल्याचे सांगितले जाते. पण प्रोसेसिंग फीच्या नावाने काही रक्कम जाते, आणि रोखीने घेतले असते तर जी सूट मिळाली असती ती अनेकदा हातची जाते. ज्यांना व्याजाच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही, त्यांनी तर हा कागद दोनदा वाचून मगच सही करावी.

आमचे म्हणणे असे की पहिला कॉम्प्युटर सुटे भाग निवडून जोडून घ्यावा, रोखीने घ्यावा, आज गरजेपुरता घ्यावा, पण उद्या वाढवता येईल अशा पायावर घ्यावा. थोडक्यात, हप्त्याने नव्हे, टप्प्याने. जोडलेल्या कॉम्प्युटरचा खरा फायदा स्वस्ताईत नाही, या टप्प्यात आहे. तयार लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम पाटीवरच डागलेली असते. काही तयार डब्यांत वीजपुरवठ्याचा भाग त्या कंपनीच्याच मापाचा असतो, बाजारातला बसत नाही. ज्याला एकच कंपनी, एकच वॉरंटी आणि घरपोच दुरुस्ती हवी आहे, त्याने तयार मशीन अवश्य घ्यावे, त्यात गैर काही नाही. पण ज्याच्याकडे आज पैसे थोडे आहेत आणि धंदा वाढवण्याची उमेद मोठी आहे, त्याच्यासाठी सुट्या भागांची वाट बरी.

माटुंग्याहून लॅमिंग्टन रोड

आम्ही माटुंग्यात किंग्ज सर्कलच्या बाजूला कापडाचा धंदा करतो. या भागात साडी, सुटिंग, ड्रेस मटेरियल हवे तेवढे मिळेल. पण मदरबोर्ड आणि रॅमसाठी मुंबईकराला लॅमिंग्टन रोडच गाठावा लागतो. माटुंगा रोड स्टेशनावरून धीमी लोकल पकडावी, ग्रँट रोडला उतरावे आणि पूर्वेला थोडे चालावे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिले असले तरी सारी मुंबई त्याला जुन्याच नावाने ओळखते.

तिथे जाताना आपल्या कित्येक भावांच्या पोटात गोळा येतो. कारण काय, तर सारी नावे इंग्रजी आणि समोरचा पोरगा भराभर बोलणारा. आमचे सारे शिक्षण उर्दू शाळेत झाले, तेव्हा हे भय आम्ही जाणतो. पण बंधूंनो, मंगलदास मार्केटमध्ये ज्याने चार गाळे फिरून एकाच सुताच्या तागाचे चार भाव काढले आहेत, त्याला लॅमिंग्टन रोड अवघड नाही. तिथेही तेच करायचे आहे. पहिल्या फेरीत काही घ्यायचे नाही. तीन दुकानांतून प्रत्येक भागाचा वेगवेगळा भाव कागदावर लिहून आणायचा. ‘पूर्ण सेट अमुक हजारांत’ असा ठोक भाव सांगणाऱ्याला हात जोडावेत. ठोक भावात एक चांगला भाग दाखवून तीन हलके भाग खपवले जातात. गठडीतला वरचा तागा पाहून सारी गठडी उचलणाऱ्याचे जे होते, तेच इथे होते.

मागावरून समजून घ्या

कॉम्प्युटर ही आपल्याला परकी वस्तू नाही, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. फ्रान्सच्या लिऑन शहरातील जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. भोक असेल तिथे एक तार उचलला जाईल, नसेल तिथे नाही. त्यातून नक्षी उमटे. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. म्हणजे कॉम्प्युटरच्या खानदानात विणकर बसलेला आहे. आमच्या माटुंग्यातील व्हीजेटीआय ही संस्था १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झाली आणि १९२३ मध्ये माटुंग्यात आली. तिने गिरण्यांसाठी कापडतंत्राची माणसे घडवली आणि आता तिथेच कॉम्प्युटरचे इंजिनियर घडतात. आणि ज्या टॅलीवर आज गल्लोगल्ली हिशेब लिहिले जातात, ते १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या कंपनीतून आले. वडिलांचा धंदा गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा होता. मनाजोगे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलालाच ते बनवायला सांगितले. गरज धंद्याची होती, म्हणून वस्तू टिकली. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता भाग पाहू. मदरबोर्ड म्हणजे मागाचा सांगाडा, बाकी सारे त्यावर बसते. प्रोसेसर म्हणजे विणकर. रॅम म्हणजे विणकराच्या हाताशी असलेली कांड्यांची टोपली. टोपली लहान तर तो दर घडीला गोदामाकडे धावणार. एसएसडी म्हणजे गोदाम. एसएमपीएस म्हणजे मागाला वीज पुरवणारा भाग. कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी. एवढे सहा समजले की निम्मे काम झाले.

शंभर रुपयांची आखणी

आम्ही प्रत्येक खरेदीत आधी शंभर रुपये धरून वाटणी करतो. पहिल्या कॉम्प्युटरसाठी आमची वाटणी अशी : प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून ३८, रॅम १४, एसएसडी १२, एसएमपीएस ७, कॅबिनेट ५, मॉनिटर १६, यूपीएस ६, कीबोर्ड आणि माऊस २. झाले शंभर. भाव रोज हलतात, तेव्हा रुपया-दोन रुपये इकडेतिकडे होतील. पण एखाद्या दुकानदाराने कॅबिनेटवर १५ आणि एसएमपीएसवर २ लावले असतील, तर तो आपल्याला रंगीत दिवे विकतो आहे, मशीन नव्हे.

प्रोसेसर. लोक विचारतात, ‘आय-फाइव्ह आहे ना?’ हा प्रश्नच अपुरा आहे. नुसते आय-फाइव्ह म्हणजे नुसते ‘कॉटन’ म्हणण्यासारखे. काउंट विचारला नाही तर भाव कसा करणार? नावापुढचा आकडा म्हणजे पिढी. २०१३ चा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ४५७० हा २०२२ च्या बाराव्या पिढीच्या आय-थ्री १२१०० समोर टिकत नाही. स्वस्त जोडणीत गेली काही वर्षे दोन नावे वारंवार ऐकू येतात : इंटेलचा हा आय-थ्री १२१०० आणि एएमडीचा २०२१ चा रायझेन ५ ५६००जी. दुकानाच्या कामाला यातला कोणताही एक पुरून उरेल. दोघांतही चित्र दाखवण्याची सोय आतच आहे, त्यामुळे वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावे लागत नाही. इथे एका अक्षराचा खेळ आहे. इंटेलच्या याच प्रोसेसरच्या आकड्यामागे ‘एफ’ लावलेला एक प्रकार मिळतो, आणि एएमडीच्या ५६०० मागे ‘जी’ नसलेला. दोघांत चित्राची सोय नाही. भाव थोडा कमी असतो म्हणून माणूस खुशीने घेतो, आणि घरी पडदा काळाच राहतो.

मदरबोर्ड. आय-थ्रीसाठी एच-६१० आणि ५६००जीसाठी ए-५२० अशा साध्या पाट्या पुरतात. मात्र एच-६१० दोन प्रकारांत येते, एकीत डीडीआर-४ रॅम बसते, दुसरीत डीडीआर-५. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीची दुसरीत बसणार नाही. तेव्हा पाटी आणि रॅम एकाच यादीत, एकाच वेळी ठरवावी. रॅमच्या दोन खाचा आहेत का, एम-डॉट-टू एसएसडीची जागा आहे का, आपल्या जुन्या मॉनिटरची तार बसेल असे तोंड आहे का, आणि प्रिंटर, बारकोड, माऊस, पेन ड्राइव्ह एवढ्यांसाठी यूएसबी पुरतील का, हे पाहावे. स्वस्त पाटीवर वायफाय बहुधा नसते, हेही आधीच विचारावे.

रॅम. आठ जीबीची एक पट्टी घ्यावी आणि दुसरी खाच रिकामी ठेवावी. सोळाची एकदम घेता आली तर उत्तमच. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. त्यांचा माल एआयच्या मोठ्या केंद्रांकडे वळला आणि किरकोळ बाजारात टंचाई आली. सूत निर्यातीला गेले की भिवंडीच्या मागवाल्याला महाग पडते, तसाच हा प्रकार आहे. टप्प्याने घेण्याचे शहाणपण अशाच वेळी कळते : चढ्या भावात गरजेपुरते उचलावे, भाव उतरला की दुसरी पट्टी बसवावी. हप्त्याने घेतलेल्या मशीनवर चढा भाव शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडावा लागतो.

एसएसडी. जुनी फिरती हार्ड डिस्क मुख्य गोदाम म्हणून अजिबात घेऊ नये. बिलांसाठी आणि हिशेबासाठी २५६ जीबी पुरते. डिझाइनचे फोटो ठेवणाऱ्याने ५०० घ्यावी. नावाजलेल्या कंपनीची, वॉरंटीची घ्यावी, कारण दुकानाचा सारा हिशेब तिच्यातच राहणार आहे.

एसएमपीएस. कोटाच्या कॉलरमध्ये बकरम असते. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पण ते हलके असले की दोन धुण्यांत कॉलर बसते. एसएमपीएस हे कॉम्प्युटरचे बकरम. ‘कॅबिनेटसोबत फुकट’ मिळणारा घेऊ नये. तो बिघडला तर एकटा मरत नाही, पाटी आणि एसएसडीलाही घेऊन जाऊ शकतो. ग्राफिक कार्ड नसलेले आपले मशीन शंभर वॉटच्या आतबाहेर वीज घेते, म्हणून ४५० वॉटचा, ८० प्लसचा छाप असलेला, चांगल्या कंपनीचा पुष्कळ झाला. त्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून दुकानात उभ्या उभ्या खरा-खोटा करता येतो.

मॉनिटर. इतर धंद्यांत कोणताही चालेल, कापडवाल्याने मात्र आयपीएस पॅनेलचाच घ्यावा. हलक्या टीएन पॅनेलवर बाजूने पाहिले की रंग बदलतो. गिऱ्हाइकाने पाठवलेला मोरपंखी आपल्याला निळा दिसला आणि पन्नास तागे रंगून आले, तर मॉनिटरवर वाचवलेले पैसे एका दिवसात वसूल होतील, तेही उलट्या दिशेने. आणि पडदा चांगला असला तरी शेवटची पसंती कापडाच्या तुकड्यावरच करावी, हे कापडवाल्याला आम्ही सांगायला नको.

जुने मशीन घ्यावे का?

कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली जुनी मशीने पुसून-पासून स्वस्तात विकली जातात. ती सगळीच वाईट नसतात. पण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. चौथ्या-सहाव्या पिढीचे मशीन बिलाला धावेल, परंतु ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड आणि जीएसटीचा लॉगिन टाकायचा, त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नसेल तर ते तुटक्या कडीच्या दुकानासारखे झाले. जुने घ्यायचेच तर आठव्या पिढीच्या खालचे घेऊ नये, आणि एसएसडी मात्र नवीच टाकावी.

कापडाच्या दुकानातले तीन शत्रू

पहिला शत्रू म्हणजे रुईचा फज. कापडाचे दुकान असो, शिवणकामाचा कारखाना असो की पॉवरलूम, हवेत तंतू उडतच असतात. पंखा ते आत ओढतो, प्रोसेसरवरच्या जाळीत त्याची गादी बसते, मशीन तापते आणि हळू चालते. म्हणून कॅबिनेट काचेचे-दिव्याचे न घेता पुढे काढता येणारी जाळी असलेले घ्यावे. जाळी दर आठवड्याला झटकावी आणि दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून, तार काढून, ब्लोअर मारावा.

दुसरा शत्रू पाणी. किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटचा भाग पावसाळ्यात कसा भरतो, हे मुंबईला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरच्या किती दुकानांचा माल व वह्या भिजल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिले. तरी आजही पुष्कळ दुकानांत कॅबिनेट टेबलाखाली, फरशीवर ठेवलेले दिसते. ते टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर ठेवावे. त्याला एक पैसा लागत नाही. आणि हिशेबाची एक नक्कल रोज पेन ड्राइव्हवर घेऊन घरी न्यावी. मशीन पुन्हा जोडता येते, तीन वर्षांची उधारी पुन्हा आठवत नाही.

तिसरा शत्रू वीज. आमच्या माटुंग्यात बेस्टची वीज क्वचित जाते. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सारी मुंबई तासन्तास अंधारात होती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना विजेचे लहरीपण वेगळे सांगायला नको. ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो, बिल जपून मशीन नीट बंद करायला तेवढी वेळ पुरे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरावा. प्लगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे.

कच्चे बिल आणि चोरीची विंडोज

भाव ठरला की दुकानदार हळूच म्हणतो, ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील.’ आपला जीएसटी क्रमांक असेल तर यात वाचत काहीच नाही. समजा माल ३०,००० चा आहे, त्यावर कर ५,४०० झाला. पक्के बिल आपल्या क्रमांकावर घेतले आणि दुकानदाराने ते आपल्या विवरणात चढवले, तर ही रक्कम आपल्याला आपल्या करातून वजा मिळते. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ही वजावट मिळत नाही. पण वॉरंटी तर त्यांनाही हवीच, आणि कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला जाणाऱ्याची काय गत होते ते आपण जाणतो. बिलावर प्रत्येक भागाचे नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा. आमच्या ओळखीच्या एका रेडिमेडवाल्याची पाटी आठ महिन्यांत गेली. वॉरंटी तीन वर्षांची होती, पण बिलावर नुसते ‘कॉम्प्युटर एक नग’ असे लिहिलेले. दुकानदाराने खांदे उडवले, आणि तो काय करणार?

दुसरी गोष्ट विंडोजची. जोडणारा पोरगा ‘सर, विंडोज टाकून देतो’ म्हणतो. ती बहुधा चोरीची प्रत असते. आपल्या किनारीवरचा छाप दुसऱ्याने मारला की आपण किती संतापतो! मग दुसऱ्याची मेहनत आपण फुकट कशी वापरायची? शिवाय अशा प्रतीतून काय शिरेल याचा भरवसा नाही, आणि त्याच मशीनवर आपली बँक आहे. टॅली वापरायचे तर विंडोजचा परवाना घ्यावा आणि तो खर्च शंभराच्या वाटणीबाहेर वेगळा धरावा. फक्त पत्रे, यादी, साधा हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर उबुंटू आणि लिबरऑफिस कायदेशीर फुकट मिळतात. मराठीसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. उर्दूवाल्यांनाही चिंता नको. विंडोजमध्ये नस्तालिकचा एक फाँट येतोच.

समोर बसून जोडून घ्यावे

भाग घेतल्यावर पुष्कळदा दुकानदार संध्याकाळी या असे सांगतो. जाऊ नये. समोर बसावे. डबे आपल्यासमोर फोडावेत. इंटेलच्या पाटीच्या खोबणीतल्या बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, एएमडीच्या ५६००जीखालच्या पिना सरळ आहेत ना, ते पाहावे. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या पडद्यावर प्रोसेसरचे नाव आणि रॅमचा आकडा आपल्या यादीशी ताडून पाहावा. अर्धा तास चालू ठेवावे. शिंपी माप घेताना आपण आरशासमोर उभे राहतोच ना? तेवढाच हा वेळ.

आणि शक्य असेल तर मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. चार स्क्रू, सहा तारा आणि दोन तासांची मेहनत, यात जादू काही नाही. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्कचा अभ्यासक्रम आहे. ज्या घरात वडील मशीनची शिलाई दुरुस्त करतात, त्या घरातल्या पोराचा हात यात लवकर बसतो. मोहम्मद अली रोडच्या परिसरात उर्दू मजकूर बोरूने लिहिणारे कातिब होते. १९९० च्या दशकात नस्तालिकचे सॉफ्टवेअर आले आणि बोरूचे काम झपाट्याने गेले. पण सुंदर अक्षराची पारख त्यांच्याच डोळ्यांत होती. कीबोर्डवर बसलेल्याला ती पारख कामी येई, बोरूच धरून ठेवणाऱ्याला येईना. हुनर मेला नाही, त्याची जागा बदलली. आपल्या कारागिरांनी यातून घ्यायचा तो धडा घ्यावा.

शेवटी टप्पे पुन्हा एकदा सांगून थांबतो. पहिल्या टप्प्यात चांगली पाटी, चांगला प्रोसेसर, चांगला एसएमपीएस, आठ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस. जुना मॉनिटर घरात पडला असेल तर तोच लावावा, कापडवाल्याने फक्त रंग त्यावर ठरवू नयेत. हातात पैसा आला आणि रॅम उतरली की दुसऱ्या टप्प्यात रॅमची दुसरी पट्टी आणि बरा मॉनिटर. डिझाइनचे मोठे काम सुरू झाले तर तिसऱ्या टप्प्यात मोठी एसएसडी आणि गरज असेल तरच ग्राफिक कार्ड. त्या वेळी एसएमपीएसचा आकडा पुन्हा तपासावा. प्रत्येक टप्पा धंद्याने कमावलेल्या पैशातून. कोणाचा हप्ता नाही, कोणाचा तगादा नाही, आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन कोणाच्या दारात उभे राहणे नाही. या रविवारी वही-पेन घेऊन यादी करायला बसावे आणि सोमवारी तीन दुकानांचे भाव काढावेत. घाई करण्याचे कारण नाही; पण हिशेब दुसऱ्याच्या घरी ठेवून आणखी एक वर्ष काढण्याचेही कारण नाही.